आलंचकाका

माझ्या भावजींना सगळा डोंगर 'आलंचकाका' म्हणतो. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर आहे, आणि ते तिथेच पडून असतं.

तळ्याकडे जाणारी जंगलातली पायवाट त्यांच्या ताब्यात आहे. वनखात्यात त्यांचा हुद्दा 'वाटेचे मुकादम' असा आहे आणि हाताखाली माणसं शून्य. आडवी पडलेली झाडं करवतीने कापून बाजूला करायची, पावसात वाहून गेलेल्या पायऱ्यांचे दगड परत बसवायचे, ओढ्यावरच्या लाकडी पुलाच्या कुजलेल्या फळ्या बदलायच्या, खोडांवर पिवळे बाण रंगवायचे आणि वर चाललेल्या माणसांवर नजर ठेवायची. रोज एकदा वर, एकदा खाली, अशी एकतीस वर्षं झाली. माणूस काटकुळा आहे, पण पोटऱ्या बघाल तर त्या दुसऱ्या कुणाच्या तरी आणून बसवल्यात असं वाटेल.

मी त्यांची मेहुणी. त्यांच्या बायकोची, म्हणजे माझ्या ताईची, पाठची बहीण. पायवाट जिथे सुरू होते तिथे चौकी आहे, चौकीला एक खिडकी आहे आणि त्या खिडकीत मी बसते. वर जाणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून घ्यायची, खाली आल्यावर पुन्हा वेळ लिहायची, आणि संध्याकाळी वर कुणी राहून गेलं नाही ना ते पाहायचं. हे काम मी एकोणीस वर्षं करतेय आणि एवढ्या वर्षांत तळं मी एकदाही पाहिलं नव्हतं. लोकांना याचं फार नवल वाटतं. वाटू दे. मला चढ आवडत नाही आणि न आवडणारी गोष्ट उगाच करायची मला सवय नाही.

खिडकीत एक तक्रारवही टांगलेली असते. तिच्यातल्या निम्म्या तक्रारी भावजींच्या नावावर आहेत आणि सगळ्या एकाच शब्दाबद्दल आहेत. वाटेत कुणी धापा टाकत विचारलं, "काका, तळं किती लांब?" की भावजी हसून म्हणणार, "हे काय, आलंच!" पुलापाशी विचारा, आलंच. झऱ्यापाशी विचारा, आलंच. चौकीतून निघून अजून बुटांच्या नाड्या नीट घट्ट केल्या नसतील तरी आलंच. एका गृहस्थांनी वहीत लिहिलं होतं, "पहिलं आलंच नऊ चाळीसला, तळं सव्वाबाराला. मुकादम सज्जन आहेत पण अत्यंत खोटारडे आहेत." खाली झोकदार सही.

मी एकदा ही वही त्यांच्यापुढे आपटली तर म्हणाले, "अगं, दमलेल्या माणसाला खरं सांगितलं की तो बसतो. आलंच म्हटलं की उठतो. मला माणूस उठायला हवा असतो." यात कुठेही लबाडी नव्हती, हेच तर वैताग आणणारं होतं. ते मनापासून बोलत. त्यांच्या पायांना ते तळं खरंच आलेलंच असे.

आता अशा माणसाच्या घरात माझी ताई. ताई कपडे दुरुस्त करून देते. घराची पुढची खोली म्हणजेच तिचं दुकान. खिडकीशी मशीन, भिंतीला लांब टेबल, त्यावर खडू, कात्री आणि टाचण्यांची डबी, आणि दारामागे दांडीवर लटकलेले लोकांचे कोट. शिवणकाम करणारी माणसं 'उद्या देते' म्हणण्यासाठी जगभर बदनाम आहेत. ताई ही त्यांच्यातली एकमेव अशी असेल, जी गुरुवार म्हणाली तर गुरुवारीच देते, आणि होणार नसेल तर तोंडावर 'नाही होणार' म्हणते. अर्धा इंच म्हणजे अर्धा इंच, वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं. अशी बाई आणि 'आलंच' म्हणणारा माणूस एका छताखाली तीस वर्षं नांदले, याला माझ्या मते संसार म्हणतात.

पण तळ्याचा विषय त्या घरात निघत नसे. ताई दोनदा निघाली होती आणि दोन्ही वेळा अर्ध्यातून परतली होती. पहिल्यांदा लग्न नवं होतं. पायात नाजूक चपला होत्या, पुलाशी चपलेचा अंगठा तुटला आणि दोघं हसत खाली आली. दुसऱ्या वेळी मात्र हसणं नव्हतं. त्याला बावीस वर्षं झाली. मी तेव्हा नोकरीला दुसऱ्या गावी होते, त्यामुळे मला ऐकूनच माहीत. ती चालत चालत बरीच वर गेली, भावजी अकरा वेळा आलंच म्हणाले (ताईने मोजलं होतं, ती सगळं मोजते), आणि बाराव्या वेळी एका मोठ्या काळ्या दगडाला टेकून ती म्हणाली, "आता बास. तळंबिळं काही नाहीच वर. तुम्ही मला फसवताय." वळली आणि खाली आली. त्यानंतर तिने बूट माळ्यावर टाकले. पाहुण्यांसमोर थट्टेने म्हणायची, "आमच्यांनी एक तळं शोधलंय, ते फक्त त्यांनाच दिसतं." सगळे हसत. भावजीही हसत, पण लगेच उठून पाणी प्यायला आत जात. मला वाटे, तहान लागली असेल.

मग ताईचे गुडघे गेले. उभ्याने इस्त्री आणि बसून पायाचं मशीन, दोन्हींनी मिळून नेले. गेल्या वर्षी उजवा गुडघा बदलला. आठ महिने तिने डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम केले, तेही अर्थात मोजून. शेवटच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "चाला आता हवं तेवढं. उतारावर जपा." ती घरी आली आणि मला म्हणाली, "डावा अजून वर्षभर टिकेल म्हणतात. म्हणजे जे काय चालायचं ते या वर्षात." कुठे चालायचं ते ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. पण माळ्यावरचे बूट खाली आले होते. ते फाटलेले निघाले, म्हणून तिने नवे घेतले.

त्याच सुमारास आमच्या चौकीत नव्या अधिकारी मॅडम आल्या. वय तिशीच्या आत, मनगटावर भलंमोठं घड्याळ, चालणं धावल्यासारखं. त्यांनी पहिल्याच आठवड्यात तक्रारवही वाचून काढली आणि भावजींना बोलावलं.

"मुकादम, वाटेवर पाच पाट्या लावायच्यात. प्रत्येक पाटीवर एवढंच, की तळं इथून किती वेळ. डोंगरात किलोमीटर सांगून कुणाला काही कळत नाही. तुम्ही वाट जाणता, तुम्हीच वेळा लिहून द्या."

भावजींनी दोन दिवस घेतले. मग वळणदार अक्षरात कागद लिहून दिला. चौकीपासून अर्धा तास. पुलापासून अर्धा तास. झऱ्यापासून अर्धा तास. बाकापासून अर्धा तास. शेवटच्या पायऱ्यांपासून अर्धा तास.

मॅडमनी कागद उलटसुलट करून पाहिला. मी खिडकीत तोंडात रुमाल कोंबून बसले होते.

"मी स्वतः गेले होते," मॅडम म्हणाल्या, "मला एक तास पंचवीस मिनिटं लागली. पण मी पळते, माझा काही उपयोग नाही. तुमचाही नाही. एखादा सर्वसाधारण माणूस घेऊन जा आणि त्याची वेळ लिहून आणा."

संध्याकाळी मी ताईकडे होते. भावजी बूट काढता काढता म्हणाले, "खात्याला एक सर्वसाधारण माणूस हवाय."

ताई एका कोटाचं अस्तर उसवत होती. मान वर न करता म्हणाली, "मी आहे की."

भावजींच्या हातात एक बूट तसाच राहिला. ताईने कात्री खाली ठेवली. "पण माझी एक अट आहे. वाटेत तोंडातून तो शब्द काढायचा नाही. मी विचारलं की मिनिटं सांगायची. खरी. माझ्या पायांची, तुमच्या नाही. एकदा जरी आलंच म्हणालात तर मी तिथून मागे फिरेन आणि मग मरेपर्यंत तळ्याचं नाव काढायचं नाही."

"बरं," भावजी म्हणाले. त्यांचा चेहरा परीक्षेला बसवल्यासारखा झाला होता.

वेळा लिहायला मला सोबत घेतलं गेलं. मी चढाबद्दल बरंच काही बोलले, पण कुणी ऐकलं नाही.

चौकी ज्या दिवशी बंद असते त्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही निघालो. पिशवीत ब्रेड, उकडलेली अंडी, थर्मासमध्ये चहा आणि ताईच्या गुडघ्याची पट्टी. पहिला अर्धा तास ताई पावलं मोजत चालली. पायाखाली ओली पानं, दोन्हीकडे नेचे, आणि झाडं इतकी उंच की वर बघितलं की टोपी पडे. भावजी पुढे चालत आणि दर दहा पावलांनी थांबून मागे बघत. सवयीने त्यांचं तोंड उघडे, "आ..." आणि मग ते घाईघाईने म्हणत, "आज हवा बरी आहे." पुलापर्यंत हवा सात वेळा बरी झाली.

पुलाशी मी लिहिलं: पंचावन्न मिनिटं. भावजी बिचारे वहीकडे बघून म्हणाले, "एवढी? हा पूल तर चौकीच्या परसात आहे." ताईने नुसतं पाहिलं आणि ते गप्प झाले.

झऱ्याशी चहा झाला. तिथून बाकापर्यंतचा चढ मात्र वाईट निघाला. ताई काठी टेकत, एक पाऊल, मग दुसरं, असं चढत होती. माझ्या स्वतःच्या नाकी नऊ आले होते, पण गुडघा बदललेली बाई पुढे असताना मी तोंड कसं उघडणार? बाक आला तेव्हा ती धपकन बसली. पँटचा पाय वर केला तर गुडघा टम्म सुजलेला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, झालं, तिसऱ्यांदा परत. आणि खरं सांगते, मला फार वाईट वाटलं. मला स्वतःला तळ्याशी काही देणंघेणं नव्हतं, पण तिला ते मिळावं असं मला मनापासून वाटत होतं.

"किती राहिलं?" तिने विचारलं.

भावजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग झाडांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ज्या जागी ते शेकडो माणसांना आलंच म्हणाले असतील, तीच जागा. त्यांनी ओठ ओले केले.

"सव्वा तास," ते म्हणाले. "आणि इथून पुढचा चढ आत्ताच्यापेक्षा वाईट आहे."

असं सांगून माणूस बसतो, हे त्यांचं म्हणणं होतं. ताई बसलीच होती. ती थोडा वेळ गुडघ्यावर हात फिरवत राहिली.

"सव्वा तास म्हणजे एका कोटाचं अस्तर," ती म्हणाली. "उसवून, नवं कापून, परत शिवून. हे मला माहीत आहे. एवढं मी करते." आणि पट्टी आवळून उठली.

त्यापुढे आम्ही कपडे शिवत वर गेलो असं म्हटलं तरी चालेल. "आता किती?" "एक तास." "म्हणजे चार पँटींच्या चेनी." मग "पाऊण तास," म्हणजे तीन चेनी. भावजींना खेळ आवडला. तेही सांगू लागले, "ही आता बाहीची उंची कमी करायला लागेल एवढीच वाट." ताई म्हणाली, "एक बाही की दोन?" "दोन." "मग तसं सांगा." मी मागून दोघांना ऐकत होते. या दोघांना इतक्या वर्षांत इतकं सलग बोलताना मी पाहिलं नव्हतं.

शेवटच्या पायऱ्या संपल्या आणि वाट एका मोठ्या काळ्या दगडाला वळसा घालून गेली. घराच्या खोलीएवढा दगड, एका अंगाने शेवाळलेला. ताई त्याच्यापाशी थांबली. तिने तळहात दगडावर ठेवला.

"हाच ना तो?"

भावजी पुढे गेले होते. ते परत आले, पण जवळ आले नाहीत.

"हाच," ते म्हणाले.

"इथून किती?"

ते बुटांकडे बघत राहिले. मला कळेना की एवढं साधं उत्तर द्यायला या माणसाला काय झालं.

"अहो, विचारतेय मी. किती?"

"दहा मिनिटं."

"माझी की तुमची?"

"तुझी."

ताईने हळूच विचारलं, "आणि तेव्हाची?"

"पाच," भावजी म्हणाले. "तेव्हा तू भरभर चालायचीस."

मला जे कळलं त्याने मी अशी भडकले की वही फेकून त्यांना बदडावंसं वाटलं. पाच मिनिटं! पाच मिनिटांवरून माझी बहीण मागे फिरली होती आणि हा माणूस बावीस वर्षं गप्प बसला होता. पाहुण्यांसमोर थट्टा ऐकत होता आणि पाणी प्यायला आत जात होता.

"मग सांगायचं होतंत ना तेव्हा!" ताईचा आवाज चिरला.

"सांगितलं होतं," भावजी म्हणाले. "आलंच म्हटलं होतं. त्या दिवशी एवढं एकदाच खरं होतं."

मग तिला हसू आलं. आधी नाकातून, मग सगळं अंग हलवून, दगडाला धरून. हसता हसता ती रडायलाही लागली आणि दोन्ही एकदमच चालू राहिलं. भावजी जवळ आले आणि काय करावं ते न सुचून त्यांनी तिची काठी धरली.

"घरी आल्यावर तरी सांगायचं," ती डोळे पुसत म्हणाली.

"काय सांगणार? पाच मिनिटांवरून परतलो असं? तू मला घरात राहू दिलं नसतंस." मग जरा थांबून म्हणाले, "आणि तुला आयुष्यभर चुटपुट लागली असती. मला लागली तेवढी पुरे."

माझा राग तिथेच गळून पडला, याचाच मला उलट राग आला.

दहा नाही, बारा मिनिटं लागली. मी लिहून ठेवलं आहे. तळं मोठं नाही. या काठावरून हाक मारली तर त्या काठाला ऐकू जाईल एवढंच. पाणी काळसर हिरवं आणि अगदी शांत. मी काहीतरी भव्य समजत होते, पण ते पाहून मला घरी आल्यासारखं वाटलं. ताईने बूट काढले, मोजे काढून त्यांत घातले आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. गार पाण्याने तिने मोठ्याने श्वास ओढला. गुडघ्यावरचा व्रण लाल झाला होता. भावजी सवयीने उभेच होते, वर आल्या आल्या खाली वळणारा माणूस तो. ती म्हणाली, "बसा की आता. कुठे जायचंय?" ते बसले. आम्ही तिथे अडीच तास बसलो, अंडी खाल्ली, ताईने एक झोपही काढली. मला इतकं बरं वाटत होतं की मी चढाबद्दल एक शब्द बोलले नाही.

उतरायला पाच तास लागले. नंतर तीन दिवस गुडघ्यावर बर्फ होता. गुरुवारी द्यायचा कोट शुक्रवारी गेला आणि ताईने गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितलं, "तळ्यावर गेले होते."

मॅडमनी माझी वही वाचली. "चार तास चाळीस मिनिटं? लोक घाबरतील."

"मॅडम, लवकर पोचलो म्हणून कुणी तक्रार केलेली माझ्या ऐकण्यात नाही," भावजी म्हणाले. मी खिडकीतून तक्रारवही हलवून दुजोरा दिला. मॅडमनी थोडा विचार केला आणि 'सावकाश चालल्यास' असे दोन शब्द वर घालून ताईच्याच वेळा मंजूर केल्या.

भावजी मात्र टेबलापासून हलले नाहीत.

"आणखी एक पाटी हवी होती. काळ्या दगडापाशी. बारा मिनिटं, एवढंच लिहायचं."

"मुकादम, पाचच मंजूर आहेत. आणि तिथे पाटी कशाला? बारा मिनिटांवर तळं असताना मागे कोण फिरतं?"

"फिरतात, मॅडम," भावजी म्हणाले. "माझ्या घरातलंच माणूस फिरलं होतं."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीत माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते लपवले नाहीत. त्यांनी कागद पुढे ओढला, पाचाचा आकडा खोडला आणि सहा लिहिला.